शेवटच्या सहा किलोमीटरचा हिशेब: लाइट रेलच्या विस्ताराचा प्रस्ताव कसा तपासावा

मराठवाड्यातल्या एकाही शहरात आज लाइट रेल धावत नाही. छत्रपती संभाजीनगरात शेंद्रा ते वाळूज या दोन औद्योगिक वसाहतींमधल्या पट्ट्यात मेट्रो आणि उड्डाणपूल उभारण्याची चर्चा काही वर्षांपासून सुरू आहे, परंतु रूळ अद्याप पडलेला नाही. तरीही विस्ताराचा प्रश्न दारात येऊन उभा राहिला आहे, कारण मार्गाचे टोक कुठे असावे याची चर्चा निघाली की कोणी ते बिडकीनला नेतो, कोणी करमाडला, तर कोणी थेट वेरूळला. ज्या शहरात आधीपासून मार्ग आहे तिथेही वाद हाच असतो: आणखी पाच-सहा किलोमीटर वाढवायचे की नाही.

हा लेख असा प्रस्ताव हातात आल्यावर तो तपासायचा कसा, यासंबंधी आहे. नगरसेवक, पत्रकार, व्यापारी संघटनेचे पदाधिकारी, अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांपैकी कोणालाही तो वापरता येईल. साधने फार लागत नाहीत. सविस्तर प्रकल्प अहवालाची, म्हणजेच डीपीआरची प्रत, एक वही आणि कॅल्क्युलेटर पुरेसा आहे. एक आग्रह मात्र सुरुवातीलाच नोंदवतो. विस्ताराचे खाते स्वतंत्र मांडले गेले पाहिजे. मूळ मार्ग चांगला चालतो म्हणून त्याच्या शेपटीला जोडलेला तुकडाही चांगला चालेल, असे गृहीत धरूनच बहुतेक अहवाल लिहिलेले असतात, आणि नेमका तिथेच हिशेब चुकतो.

शब्दांची उजळणीही करून घेऊ. लाइट रेल म्हणजे मेट्रोपेक्षा लहान गाडी, जी बहुधा रस्त्यालगतच्या राखीव पट्टीवरून जमिनीवरच धावते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ‘मेट्रोलाइट’ या नावाने तिची मानके ठरवली. गर्दीच्या तासात एका दिशेने जास्तीत जास्त १५,००० प्रवासी असतील, अशा मार्गांसाठी ती आहेत. त्याहून हलकी, रबरी टायरवर चालणारी ‘मेट्रो निओ’ ८,००० प्रवाशांपर्यंतच्या मार्गांसाठी २०२० मध्ये पुढे आली. नाशिकच्या निओसाठी २०२१ च्या अर्थसंकल्पात केंद्राने २,०९२ कोटी रुपयांची घोषणा केली होती, त्यामुळे हे नाव आपल्याकडे बऱ्यापैकी परिचित आहे.

आधी प्रश्न नीट मांडा

‘मार्ग वाढवावा का?’ हा प्रश्न अपुरा आहे. तपासायचे असते ते असे: विस्तार झाला तर पुढील तीस वर्षांत शहराचे काय होईल, झाला नाही तर काय होईल, आणि या दोहोंतला फरक किती. मूळ मार्गावर आधीच खर्च झालेला पैसा या हिशेबात कोणत्याही बाजूला धरायचा नसतो. ‘एवढे हजार कोटी घातले, आता अर्धवट कसे सोडणार?’ हे वाक्य सभेत टाळ्या घेते, पण वहीत त्याला रकाना नाही.

एडिंबरा शहराचे उदाहरण येथे दोन्ही बाजूंनी बोलके आहे. तिथली ट्राम २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा खर्च ७७ कोटी ६० लाख पौंडांवर गेला होता आणि ठरलेल्या मार्गाचा बंदराकडचा भाग सोडून द्यावा लागला होता. गाड्या मात्र पूर्ण मार्गाच्या हिशेबाने २७ घेतलेल्या होत्या. पुढे २०२३ मध्ये न्यूहेवनपर्यंतचा सुमारे पावणेपाच किलोमीटरचा विस्तार साधारण २० कोटी ७० लाख पौंडांत झाला, तेव्हा नव्या गाड्या घ्याव्याच लागल्या नाहीत. पहिल्या टप्प्यात वाया गेलेला पैसा विस्ताराच्या माथी मारणे जितके चूक ठरले असते, तितकेच पडून असलेल्या गाड्यांचा उपयोग न मोजणेही चूक ठरले असते.

तुलना कशाशी केली आहे ते पाहा

अहवाल हातात आला की मी प्रथम पर्यायांच्या विश्लेषणाचे प्रकरण उघडतो. २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणानुसार केंद्राची मदत हवी असल्यास हे विश्लेषण सक्तीचे आहे. प्रकल्पाचा आर्थिक परतावा किमान १४ टक्के असावा, अशी अटही त्याच धोरणात आहे. नियम आहे म्हणून हे प्रकरण प्रत्येक अहवालात असते, परंतु पुष्कळदा त्यातला बसचा पर्याय बुजगावण्यासारखा उभा केलेला असतो: आज जशा बस धावतात तशाच तीस वर्षे धावत राहतील असे धरायचे, आणि मग रेल्वे जिंकली म्हणून जाहीर करायचे.

खरी तुलना सर्वांत चांगल्या बससेवेशी व्हायला हवी. त्याच रस्त्यावर बससाठी राखीव पट्टी, चौकात बसला आधी हिरवा सिग्नल, दर दोन-तीन मिनिटांना गाडी आणि सावली असलेले थांबे दिले, तर किती प्रवासी वाहता येतील आणि त्याला खर्च किती येईल? साधे गणित करून पाहा. साठ प्रवाशांची बस दर मिनिटाला सोडली, तर तासाला ३,६०० प्रवासी जातात. तीनशे प्रवाशांची लाइट रेल दर पाच मिनिटांनी सोडली तरी आकडा ३,६०० चाच येतो. गर्दीच्या तासातली मागणी याच्या खाली असेल, तर केवळ क्षमतेसाठी रुळांची गरज नाही. रेल्वे हवी असल्यास तिच्या बाजूने वेग, आराम, प्रदूषण अशी दुसरी कारणे द्यावी लागतील, आणि ती पैशांत मांडून दाखवावी लागतील. संभाजीनगरची ‘माझी स्मार्ट बस’ एखाद्या मार्गावर दर दोन मिनिटांनी धावते आहे आणि तरीही प्रवासी मागे राहत आहेत, असे दृश्य ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी लाइट रेलची बाजू आपोआप भक्कम होईल.

प्रवासी मोजणे: सगळा हिशेब येथेच बिघडतो

डेन्मार्कचे संशोधक बेंट फ्लायवबर्ग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, रेल्वे प्रकल्पांचे प्रवासी-अंदाज सरासरी १०६ टक्क्यांनी फुगलेले होते. म्हणजे कागदावर दोन असतील तर स्थानकावर जेमतेम एक. म्हणून अहवालातला आकडा दिसताच तो निम्मा करून सगळे गणित पुन्हा मांडावे. निम्म्यावरही प्रकल्प तरला, तर तो खरोखर चांगला आहे.

विस्ताराचे प्रवासी तीन वाटांनी येतात. पहिले, आज बसने किंवा शेअर रिक्षाने जाणारे. यांचा वेळ वाचतो. दुसरे, दुचाकी किंवा मोटार सोडून येणारे. यांचा वेळ क्वचितच वाचतो, पण पेट्रोलचा खर्च वाचतो आणि रस्ता थोडा मोकळा होतो. तिसरे, आजही मूळ मार्ग वापरणारे, जे केवळ नव्या टोकाला गाडीत बसतील. अहवालात या तिघांची बेरीज ‘विस्ताराचे प्रवासी’ म्हणून छापलेली असते, तर तिसऱ्या गटाला मिळणारा फायदा फार थोडा, म्हणजे आजच्या, स्थानकापर्यंत सोडणाऱ्या फीडर बसच्या आणि नव्या गाडीच्या वेळेतला फरक, एवढाच असतो.

आपल्या शहरांतली खरी स्पर्धा दुचाकीशी आहे. शहरातल्या हडको वसाहतीत राहणारा आणि वाळूजच्या एखाद्या कारखान्यात पाळीवर जाणारा तरुण दारातून निघून थेट कारखान्याच्या फाटकाशी गाडी लावतो. रेल्वेने जायचे तर स्थानकापर्यंत चालणे, जिना, वाट पाहणे, प्रवास, आणि उतरल्यावर पुन्हा फाटकापर्यंतचे अंतर, असे पाच तुकडे जोडावे लागतात. औद्योगिक वसाहतीत मुख्य रस्त्यापासून कारखाना दीड-दोन किलोमीटर आत असणे ही रोजची गोष्ट आहे. मे महिन्यात बेचाळीस अंश तापमानात, डब्याची पिशवी हातात घेऊन हे अंतर कोणी पायी तोडणार नाही. त्यामुळे शेवटच्या टप्प्याची बस किंवा रिक्षा जिथे खर्चात धरलेली नाही, तिथले प्रवासीही धरू नयेत.

हे समजून घ्यायला एक सकाळ पुरते. सहाच्या सुमारास महावीर चौकात, ज्याला सगळे अजून बाबा पेट्रोल पंप म्हणतात, तिथे उभे राहावे आणि वाळूजकडे जाणारी वाहने पाहावीत. कंपन्यांच्या बस एकामागून एक येतात; त्यांच्या काचेवर मार्ग लिहिलेला असतो आणि चौकाच्या कोपऱ्यावर ठरलेली माणसे ठरलेल्या जागी उभी असतात. हे प्रवासी रेल्वेकडे येतील का? कंपनीची बस फुकट आहे आणि फाटकाच्या आत सोडते, तेव्हा कंपनीने ती बंद केल्याशिवाय ते येणार नाहीत. अहवालात हा गट रेल्वेचा प्रवासी म्हणून मोजलेला असेल, तर तसा कंपन्यांशी काही करार झाला आहे का, हे विचारलेच पाहिजे. मोजणी करायची झाल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी, पाळी बदलण्याच्या वेळी, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडून करावी, आणि पाळीची सुट्टी कोणत्या दिवशी असते हे आधी विचारून घ्यावे.

या पट्ट्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बहुतेक शहरांत सकाळी गाड्या एका दिशेने भरतात आणि दुसऱ्या दिशेने रिकाम्या परततात. येथे एका टोकाला वाळूज, दुसऱ्या टोकाला शेंद्रा आणि मध्ये वस्ती अशी रचना असल्याने दोन्ही दिशांना प्रवासी मिळण्याची शक्यता आहे. अर्थात बजाजनगर, रांजणगाव या भागांत कामगार कारखान्याच्या उंबरठ्यावरच राहायला गेले आहेत, त्यामुळे हा फायदा नकाशावर दिसतो तेवढा मोठा नाही. वेरूळकडच्या विस्ताराचे म्हणाल, तर पर्यटकांची गर्दी शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत असते, आणि रुळांचे व्याज मंगळवारीही चढतच असते.

खर्चाचे आकडे कुठून पडताळावेत

खर्च पडताळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अलीकडे मंजूर झालेल्या विस्तारांचे आकडे घेऊन त्यांना किलोमीटरने भागणे. पुणे मेट्रोच्या पिंपरी ते निगडी या ४.४१ किलोमीटरच्या उन्नत, म्हणजे खांबांवरच्या विस्ताराला २०२३ मध्ये ९१०.१८ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. म्हणजे किलोमीटरला सुमारे २०६ कोटी. त्याच शहरात स्वारगेट ते कात्रज हा ५.४६ किलोमीटरचा भुयारी विस्तार २०२४ मध्ये २,९५४.५३ कोटींना मंजूर झाला; म्हणजे किलोमीटरला सुमारे ५४१ कोटी. मार्ग जमिनीखाली गेला की खर्च अडीच पटींहून अधिक वाढतो, एवढे या दोन आकड्यांतून समजते. लाइट रेल जमिनीवरून नेली तर खर्च बराच खाली येतो, पण तिला रस्त्यातली जागा द्यावी लागते, आणि जागा देण्याची वेळ आली की उन्नत मार्गाची मागणी हमखास पुढे येते. प्रस्ताव ‘जमिनीवरची स्वस्त लाइट रेल’ म्हणून सुरू होऊन ‘खांबांवरची महाग लाइट रेल’ म्हणून मंजूर होऊ नये, यावर लक्ष ठेवावे.

मराठवाड्याला उशिराची किंमत कोणी शिकवायला नको. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला तेव्हा त्याचा अंदाज ३५३ कोटी रुपये होता. तो पुढे ४,८०० कोटींच्या घरात गेला आणि बीडपर्यंत गाडी यायला सप्टेंबर २०२५ उजाडले. संभाजीनगरची पाणीपुरवठा योजनाही १,६८० कोटींवरून २,७४० कोटींवर गेली. म्हणून मंजुरीच्या आकड्यावर किमान चाळीस-पन्नास टक्के चढवून दुसरा हिशेब करावा. उशिराचा आणखी एक तोटा कमी बोलला जातो: १४ टक्के दराने लाभ दोन वर्षे पुढे ढकलला, तर त्याचे आजचे मूल्य सुमारे २३ टक्क्यांनी घटते. दगड, सिमेंट काहीही महागले नाही, तरीही.

खर्चाच्या रकान्यात सहसा न दिसणाऱ्या दोन बाबी स्वतः शोधाव्या लागतात. एक म्हणजे जमिनीखालच्या वाहिन्या. जायकवाडीहून येणाऱ्या ७०० आणि १,४०० मिलिमीटरच्या जुन्या जलवाहिन्या, नवी मोठी वाहिनी, ड्रेनेज, वीज आणि इंटरनेटच्या केबल यांचा नेमका नकाशा नसताना केलेला अंदाज हा अंदाजच नव्हे. सिडनीतल्या लाइट रेलचा खर्च वाढण्यामागे जमिनीखालच्या वीजवाहिन्यांचा वाद हे एक मोठे कारण होते. आपल्याकडे एखादी वाहिनी फुटली की काही दिवसांआड येणारे पाणी आणखी लांबते, आणि हा त्रास कोणत्याच डीपीआरमध्ये लिहिलेला नसतो. दुसरी बाब पुरातत्त्वाची. केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. बीबी का मकबरा असलेल्या आणि दरवाजांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावात ही आखणी पहिल्याच दिवशी नकाशावर उतरवली पाहिजे.

एक गणित शेवटपर्यंत सोडवून पाहू

समजा, १२ किलोमीटरचा मार्ग आहे आणि तो ६ किलोमीटरने वाढवायचा आहे. खालील आकडे मी केवळ पद्धत दाखवण्यासाठी धरले आहेत; आपल्या अहवालातले आकडे त्या जागी घालावेत.

रोजचे ४०,००० प्रवास विस्तारामुळे होतात असे धरू. त्यांपैकी २५,००० बस व शेअर रिक्षांतून आले आणि प्रत्येकाची १२ मिनिटे वाचली, तर रोज ५,००० तास वाचतात. तासाची किंमत १०० रुपये धरल्यास रोजचे ५ लाख रुपये झाले. उरलेले १५,००० दुचाकी सोडून आले. सात किलोमीटरचे, किलोमीटरला ३ रुपयांप्रमाणे त्यांचे ३ लाख १५ हजार वाचले. रस्ता मोकळा झाल्याने इतर ७०,००० लोकांची तीन-तीन मिनिटे वाचली, तर ३,५०० तास, म्हणजे साडेतीन लाख. अपघात आणि धूर कमी झाल्याबद्दल १ लाख धरू. एकूण रोजचे १२ लाख ६५ हजार. वर्षाचे ३०० दिवस धरून सुमारे ३८ कोटी रुपये. त्यातून विस्तार चालवण्याचा वाढीव खर्च १२ कोटी वजा केला की निव्वळ लाभ २६ कोटी उरतो. हा लाभ दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत जाईल, असेही उदारपणे धरू.

आता खर्च. उन्नत मार्ग निगडीच्या विस्ताराच्या दराने, म्हणजे सुमारे १,२०० कोटींत होईल असे समजा. तीस वर्षांत १४ टक्के परतावा मिळण्यासाठी पहिल्या वर्षी निव्वळ लाभ सुमारे ११८ कोटी हवा. आपल्याकडे आहेत २६ कोटी. दर ८ टक्क्यांवर आणला तरी ६३ कोटी हवेत. उन्नत मार्ग येथेच बाद होतो. तोच विस्तार जमिनीवरून ५०० कोटींत झाला, तर १४ टक्क्यांना ४९ कोटी लागतात आणि ८ टक्क्यांना सुमारे २६ कोटी. म्हणजे एकच प्रकल्प एका दराने काठावर पास होतो आणि दुसऱ्या दराने सपशेल नापास.

वटावाचा दर, म्हणजे भविष्यातल्या पैशाची आजची किंमत काढण्याचा टक्का, हा त्यामुळे तज्ज्ञांवर सोडून देण्याचा तपशील राहत नाही. तीस वर्षांनंतरच्या १०० रुपयांची आजची किंमत ८ टक्क्यांनी सुमारे १० रुपये होते आणि १४ टक्क्यांनी जेमतेम २ रुपये. अहवालात कोणता दर वापरला आहे आणि किमती महागाई वगळून धरल्या आहेत की महागाईसह, ही दोन वाक्ये शोधून अधोरेखित करावीत. लाभ महागाईसह आणि खर्च आजच्या भावाने, अशी सरमिसळ मी एका प्रस्तावात स्वतः पाहिली आहे. विचारल्यावर ‘ती टंकलेखनाची चूक’ असे उत्तर मिळाले.

आणखी एक सापळा आहे. मार्गालगतच्या जमिनीचे भाव वाढतील, हा लाभ म्हणून वेगळा मोजण्याचा मोह फार होतो. परंतु जमीन महागते ती तिथून जाणे-येणे सोपे झाले म्हणूनच; वाचलेला वेळ एकदा मोजल्यावर त्याचेच प्रतिबिंब पुन्हा मोजले, तर एकच पोळी दोनदा वाढल्यासारखे होते. तिकिटाचे उत्पन्नही आर्थिक लाभात येत नाही, कारण तो पैसा प्रवाशाच्या खिशातून संस्थेच्या खिशात गेलेला असतो. वित्तीय हिशेबात, म्हणजे कर्ज फिटेल का हे पाहताना, मात्र तो सर्वांत महत्त्वाचा रकाना आहे. हे दोन हिशेब वेगळ्या पानांवर असावेत.

किती गाड्या लागतील

विस्ताराचा जो खर्च बांधकामाच्या तक्त्यात दिसत नाही तो गाड्यांचा असतो, आणि तो मोजणे अगदी सोपे आहे. पूर्ण फेरीला लागणाऱ्या वेळेला दोन गाड्यांमधल्या अंतराने भागावे. आपल्या उदाहरणात १२ किलोमीटरला ३० मिनिटे लागतात आणि प्रत्येक टोकाला ५ मिनिटे थांबावे लागते. फेरी ७० मिनिटांची. दर ७ मिनिटांनी गाडी हवी असेल तर १० गाड्या लागतील. सहा किलोमीटर वाढल्यावर प्रत्येक दिशेला १५ मिनिटे वाढली, फेरी १०० मिनिटांची झाली. शंभराला सातने भागून सव्वाचौदाहून थोडे अधिक येते, म्हणून १५ गाड्या. पाच गाड्या वाढल्या, शिवाय दुरुस्तीसाठी एक राखीव.

येथे थांबून एक मिनिट वाचवून पाहा. विस्तारावरच्या एखाद्या चौकात गाडीला आधी सिग्नल मिळाला आणि प्रत्येक दिशेला १५ ऐवजी १४ मिनिटे लागली, तर फेरी ९८ मिनिटांची होते आणि बरोबर १४ गाड्यांत भागते. एका चौकातल्या सिग्नलने एक अख्खी गाडी वाचली. अशी काटकसर अहवालात सापडली, तर तो लिहिणाऱ्याने मन लावून काम केले आहे असे समजावे. दुसरा उपाय म्हणजे एकाआड एक गाडीच टोकापर्यंत नेणे. मग १३ गाड्या पुरतात, मात्र टोकाच्या प्रवाशाला १४ मिनिटे थांबावे लागते आणि त्यानुसार प्रवासी-अंदाजही कमी करावा लागतो. याच ठिकाणी आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: वाढलेल्या गाड्या जुन्या डेपोत मावतात का, आणि टोकालाच गाडी भरून आली तर मधल्या स्थानकांवरच्या आजच्या प्रवाशांना जागा मिळेल का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर त्यांचा त्रास हा विस्ताराचाच खर्च आहे.

चालवण्याचा पैसा कोण देणार

बांधायला केंद्र आणि राज्य पैसा देतात, चालवण्याचा तोटा मात्र स्थानिक पातळीवर येऊन पडतो. अदिस अबाबात २०१५ मध्ये दोन मार्गांची लाइट रेल मोठ्या कौतुकाने सुरू झाली. तिच्या ४१ गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक काही वर्षांतच सुट्या भागांअभावी उभ्या राहिल्या. मुंबईची मोनोरेल २०१४ मध्ये सुरू झाली. मार्ग पुढे वाढला की प्रवासी येतील, अशी आशा होती. २०१९ मध्ये तो वाढलाही, पण गर्दी काही झाली नाही आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सेवा थांबवावी लागली. तेव्हा दर प्रवाशामागे चालवण्याचा खर्च किती, तिकीट किती, आणि फरक महापालिकेच्या कोणत्या शीर्षाखालून भरायचा, हे विस्ताराच्या ठरावातच लिहून घ्यावे. मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर येथे मुद्रांक शुल्कासोबत मालमत्तेच्या किमतीवर १ टक्का मेट्रो अधिभार घेतला जातो. तसा तो आपल्याकडे लागला, तर हडकोत जुना फ्लॅट विकत घेणारा माणूस दूरच्या टोकाच्या विस्ताराचा भार उचलेल. ते योग्य असेलही, पण उघडपणे ठरले पाहिजे.

लाभ कोणाच्या वाट्याला येतो

बेरीज सारखी असली तरी वाटणी सारखी नसते. बीड किंवा जालन्याहून रुग्णाला घेऊन एसटीने मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलेल्या आणि घाटी या सरकारी रुग्णालयात जायला निघालेल्या कुटुंबाला या विस्ताराचा काही उपयोग होतो का? विद्यापीठात शिकणाऱ्या, बसचा पास काढणाऱ्या मुलीला होतो का? स्थानक कोठे ठेवले यावरच हे ठरते, आणि ते दोनशे मीटर इकडे-तिकडे झाले तरी फरक पडतो. मराठवाड्याला हा अनुभव जुना आहे. १८९७ मध्ये सुरू झालेली नॅरोगेजची बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत आली, परंतु धाराशिव शहराला तिने बगल दिली. जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे पोहोचली ती जवळपास शंभर वर्षांनी, ब्रॉडगेज करताना मार्ग वळवला तेव्हा. नावातल्या ‘लाइट’पलीकडे त्या गाडीचा आजच्या लाइट रेलशी संबंध नाही, पण रूळ एकदा पडले की ते हलवायला किती पिढ्या जातात, हे त्यातून कळते.

निर्णयाचे पर्याय दोनच नसतात

जनसुनावणीत ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोनच गट पडतात. तिसरा पर्याय मला अनेकदा अधिक शहाणपणाचा वाटतो: आज बांधू नये, पण विकास आराखड्यात जागा राखून ठेवावी. शेंद्रा आणि बिडकीन येथे ऑरिक औद्योगिक नगरीचे रस्ते नव्याने आखलेले असल्याने तिथे पट्टी राखणे तुलनेने सोपे आहे. जुन्या वस्तीत तीच पट्टी वीस वर्षांनी घ्यायची झाली, तर घरे पाडावी लागतील. राखीव पट्टीवर तोवर बस धावू द्याव्यात आणि विस्ताराची वेळ कोणत्या आकड्याला आली असे समजायचे, ते ठरावातच नोंदवून ठेवावे. उदाहरणार्थ, त्या मार्गावर गर्दीच्या तासात एका दिशेने ३,००० बसप्रवासी सलग दोन वर्षे दिसले, तर डीपीआर तयार करायचा.

सुनावणीला जाताना भाषण नेण्यापेक्षा एक लेखी मागणी न्यावी: प्रवासी-अंदाजाची आणि आर्थिक परताव्याची एक्सेल फाइल, सूत्रांसह. पीडीएफमधला तक्ता वाचता येतो, बदलून पाहता येत नाही. फाइल मिळाली की प्रवासी निम्मे करावेत, खर्च दीडपट करावा, सुरुवात दोन वर्षे पुढे ढकलावी, आणि प्रत्येक वेळी परताव्याच्या चौकटीत कोणता आकडा येतो तो वहीत लिहून घ्यावा. फाइल मिळाली नाही, तर मागणीच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेऊन ठेवावा.